मिड-मेजर विद्यापीठे आणि तरुण पॉइंट गार्ड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलविषयी वाचक जे प्रश्न पाठवतात, त्यांतले बरेचसे फिरून फिरून एकाच जागी येतात : लहान विद्यापीठे पॉइंट गार्ड (चेंडू हाताळून संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू) शोधतात कसे, त्याला आपल्याकडे वळवतात कसे आणि तो टिकतो का. काही प्रश्न अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांचे असतात, तर काही मार्च महिन्यात पहाटे उठून एनसीएए (अमेरिकी महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था) स्पर्धा पाहणाऱ्या इथल्या प्रेक्षकांचे. खाली दिलेले नियम पुरुषांच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च, विभागातील असून ते २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंतचे आहेत. हे नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे निर्णय घेण्यापूर्वी एनसीएएच्या संकेतस्थळावर ते पुन्हा तपासून घ्यावेत.

१. मिड-मेजर म्हणजे नेमके कोणते विद्यापीठ? ही एनसीएएची अधिकृत श्रेणी आहे का?

ही अधिकृत श्रेणी नाही. पहिल्या विभागात साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे आहेत आणि नियमांच्या दृष्टीने ती एकाच पातळीवर आहेत. प्रत्यक्षात एसीसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसईसी आणि बास्केटबॉलपुरती बिग ईस्ट या पाच कॉन्फरन्सकडे (आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांकडे) पैसा, मोठी सभागृहे आणि दूरचित्रवाणीवरचा वेळ एकवटला आहे. मिसूरी व्हॅली, वेस्ट कोस्ट, अटलांटिक टेन, सदर्न, बिग स्काय अशा उरलेल्या कॉन्फरन्समधल्या विद्यापीठांना ढोबळमानाने मिड-मेजर म्हणतात. सीमारेषा पुसटच आहे. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये राहून गोन्झागाने २०१७ आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामना गाठला. अशा संघाला मिड-मेजर म्हणावे की नाही, यावर जाणकारांतही एकमत नाही.

२. सगळ्या जागा सोडून पॉइंट गार्डच्या भरतीवरच एवढा भर का?

याला दोन कारणे आहेत. पहिले खेळातले आहे. महाविद्यालयीन सामन्यात आक्रमणाला तीस सेकंद मिळतात आणि त्यांतला बराच काळ चेंडू पॉइंट गार्डच्या हातात असतो. संघात फारसे गुणवान खेळाडू नसले तरी योग्य वेळी, योग्य जागी चेंडू पोहोचला, तर तेच खेळाडू आपल्या कुवतीपेक्षा चांगले खेळतात. दुसरे कारण बाजारातले आहे आणि मला ते अधिक निर्णायक वाटते. सात फूट उंचीचा मुलगा पंधराव्या वर्षीच सर्वांच्या नजरेत भरतो आणि बलाढ्य विद्यापीठे त्याच्या दारात उभी राहतात. सहा फुटांचा, अजून अंग न भरलेला, पण खेळ इतरांच्या आधी वाचणारा मुलगा मात्र लपून राहू शकतो. मिड-मेजरच्या प्रशिक्षकाला देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एखादा मिळण्याची खरी संधी याच जागी असते.

त्यात स्पर्धेच्या रचनेचीही भर पडते. २०२५ च्या एनसीएए स्पर्धेतील ६८ पैकी ३१ जागा कॉन्फरन्स विजेत्यांना मिळाल्या. बहुतेक लहान कॉन्फरन्समधून एकच संघ पुढे जातो आणि तो मार्चमधल्या तीन-चार दिवसांच्या बाद फेरीत ठरतो. अशा दिवसांत डोके शांत ठेवणारा पॉइंट गार्ड असला, तर अख्ख्या हंगामाचे चीज होते. २०१९ च्या याच स्पर्धेत मरी स्टेट या मिड-मेजरचा पॉइंट गार्ड जा मोरँट याने मार्केट विद्यापीठाविरुद्ध १७ गुण, ११ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि १६ असिस्ट (साथीदाराच्या गुणांना कारण ठरलेले पास) नोंदवले आणि त्याच्या संघाने तो सामना ८३–६४ असा जिंकला.

३. एवढे चांगले खेळाडू मोठ्या विद्यापीठांच्या नजरेतून सुटतातच कसे?

प्रत्येकाची कहाणी निराळी असली, तरी कारणे तीन-चारच आहेत.

शरीर हे त्यांतले पहिले. पुढे एनबीएत (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये) गाजलेला स्टेफन करी हायस्कूलमध्ये किरकोळ अंगयष्टीचा होता. वडील डेल करी व्हर्जिनिया टेकचे नामवंत खेळाडू, तरीही त्या विद्यापीठाने मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. बिनशिष्यवृत्तीची जागा तेवढी पुढे केली. उत्तर कॅरोलिनातल्या डेव्हिडसन या छोट्या महाविद्यालयाचे बॉब मॅकिलप यांनी त्याला घेतले आणि २००८ मध्ये तो संघ राष्ट्रीय उपांत्य फेरीच्या उंबरठ्यावर कॅन्ससकडून ५७–५९ असा हरला.

दुसरे कारण भूगोल. स्टीव्ह नॅश कॅनडातल्या व्हिक्टोरियाचा. त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकांनी अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांना पत्रे पाठवली, पण शिष्यवृत्ती एकट्या सँटा क्लाराने दिली. तिथले डिक डेव्ही यांनी आधी चित्रफीत मागवली आणि मग मुलाला प्रत्यक्ष खेळताना पाहिले. १९९३ मध्ये पंधराव्या मानांकनाच्या सँटा क्लाराने दुसऱ्या मानांकनाच्या ॲरिझोनाला ६४–६१ असे हरवले, तेव्हा नॅश पहिल्या वर्षाला होता. पुढे २००५ आणि २००६ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

तिसरे कारण म्हणजे मोठ्या क्रीडासाहित्य कंपन्यांच्या उन्हाळी स्पर्धा. बलाढ्य विद्यापीठांचे लक्ष तिथेच असते आणि त्या वर्तुळाबाहेरचा मुलगा अंधारात राहतो. दक्षिण कॅरोलिनातल्या डॅलझेलचा जा मोरँट एके काळी झायन विल्यमसनसोबत एकाच क्लब संघात खेळला होता, तरीही प्रकाश त्याच्यावर पडला नाही. एका उन्हाळ्यात मरी स्टेटचे सहायक प्रशिक्षक जेम्स केन दुसऱ्याच एका खेळाडूसाठी शिबिरात आले होते. काही खायला घेण्यासाठी ते बाहेर पडले, तेव्हा बाजूच्या व्यायामशाळेत तीन-तीनचा सामना चालला होता आणि तिथे त्यांना मोरँट दिसला. २०१९ मध्ये एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत विल्यमसन पहिला आणि मोरँट दुसरा होता.

अनेकजण या प्रसंगाला निव्वळ योगायोग म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या शिबिरात मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक फारसे येत नाहीत तिथे जाणे, आणि बाजूच्या मैदानावरचा अनोळखी मुलगा पाहून थांबणे, हेच मिड-मेजरच्या सहायक प्रशिक्षकाचे खरे काम आहे.

४. प्रशिक्षक मुलांना पाहायला जातात तरी कुठे?

वाटेल तेव्हा जाता येत नाही. एनसीएएच्या दिनदर्शिकेत काही काळ प्रत्यक्ष पाहण्यासाठी खुला असतो, तर काही काळात बाहेर जाऊन भेटण्यालाही पूर्ण बंदी असते. क्लब संघांच्या स्पर्धा पाहण्याचे मुख्य दिवस एप्रिल आणि जुलैमध्ये येतात. जूनमध्ये हायस्कूल संघांच्या शिबिरांसाठी काही दिवस राखलेले असतात; ही सोय २०१९ पासून सुरू झाली. पॉइंट गार्डच्या बाबतीत मी जूनला अधिक वजन देतो. क्लब संघात पाचही मुले आपापल्या शाळेचे तारे असतात आणि प्रत्येकाला चेंडू हवा असतो. शाळेच्या संघात सोबतीला साधे खेळाडू असतात आणि त्यांच्याकडून काम करून घ्यावे लागते. मिड-मेजरमध्ये नेमके हेच करावे लागणार असते.

५. सामना पाहताना प्रशिक्षक पॉइंट गार्डमध्ये नेमके काय शोधतात?

गुणफलक सर्वांत शेवटी पाहिला जातो. आधी नजर कुठे असते ते पाहतात : चेंडू हाती येण्यापूर्वीच मुलाने मैदानाची पलीकडची बाजू पाहिली आहे का? मग पिक-अँड-रोलमधले, म्हणजे साथीदार बचावपटूची वाट अडवतो (स्क्रीन) आणि मग बास्केटकडे धावतो (रोल) त्या डावातले, निर्णय येतात. बचाव करणारा स्क्रीनच्या खालून गेला तर हा तिथूनच शॉट घेतो का? दोघे अंगावर आले तर त्यांच्या मधून रोल करणाऱ्या साथीदाराकडे चेंडू सरकवतो, की घाबरून मागे हटतो? उंच बचावपटू बास्केटजवळ थांबून राहिला तर मधल्या अंतरावरून मऊ हाताने चेंडू सोडता येतो का? तिन्ही उत्तरे एकाच मुलाकडे क्वचितच असतात. दोन असली तर तिसरे शिकवता येते.

बचावाकडे पालक फारसे लक्ष देत नाहीत, प्रशिक्षक मात्र देतात. समोरचा गार्ड पहिल्याच पावलात निसटत असेल, तर उरलेल्या चौघांनाही जागा सोडावी लागते आणि सगळा बचाव विस्कटतो.

त्यानंतर स्वभाव येतो आणि माझ्या मते निवड इथेच होते. चूक झाल्यावरच्या पुढच्या दहा सेकंदांत मुलगा काय करतो? पंचांकडे हात पसरतो, साथीदाराकडे रागाने पाहतो, की परत धावतो? टाइम-आउटमध्ये प्रशिक्षकाच्या डोळ्यांत पाहतो का? बाकावर बसवल्यावर खेळाकडे लक्ष ठेवतो का? मॅकिलप यांनी करीला एका उन्हाळी स्पर्धेत पाहिले, तेव्हा तो अतिशय वाईट खेळत होता. मात्र त्याने ना पंचांना दोष दिला, ना साथीदारांना, आणि तेच त्यांच्या मनात राहिले. त्या निरीक्षणाची परीक्षा पहिल्याच महाविद्यालयीन सामन्यात झाली : ईस्टर्न मिशिगनविरुद्ध करीने १३ वेळा चेंडू गमावला. मॅकिलप यांनी त्याच्यावरचा विश्वास ढळू दिला नाही आणि लगेचच्या सामन्यात मिशिगनविरुद्ध त्याने ३२ गुण केले.

६. माझ्या मुलाची आकडेवारी उत्तम आहे. आकडे आणि व्हिडिओ पाठवले तर पुरेसे नाही का?

दार उघडायला ते पुरेसे आहे, निर्णयाला नाही. असिस्ट आणि टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) यांचे गुणोत्तर उपयोगी असते, पण साथीदारांनी सोपे शॉट चुकवले तर असिस्ट कमी दिसतात आणि मुलगा धोका पत्करतच नसेल तर टर्नओव्हर कमी दिसतात. शिवाय अमेरिकेतल्या सगळ्याच राज्यांच्या हायस्कूल सामन्यांत शॉट क्लॉक (शॉट घेण्याची वेळ मोजणारे घड्याळ) असतेच असे नाही. राज्यांना ३५ सेकंदांचे घड्याळ लावण्याची मुभा २०२२–२३ च्या हंगामापासून मिळाली, तरी ते सगळीकडे आलेले नाही. घड्याळाविना खेळलेल्या मुलाचे आकडे पाहून, शेवटच्या सहा-सात सेकंदांत तो काय करेल, हे कळत नाही.

पाठवायचेच असेल तर निवडक क्षणांच्या फितीसोबत एक पूर्ण सामना पाठवावा, आणि तो शक्यतो तगड्या संघाविरुद्धचा, हरलेला का असेना. डंक आणि लांबचे तीन गुण सगळ्यांच्याच फितीत असतात. चेंडूचे सलग चाळीस ताबे कसे हाताळले, हे पाहायला मिळाले की प्रशिक्षक थांबून पाहतात.

७. उंची पाच फूट दहा इंच असेल तर आशा सोडावी का?

सोडू नये, पण वास्तव जाणून घ्यावे. कमी उंचीच्या गार्डकडे दोन गोष्टी पक्क्या लागतात : ड्रिबल करताना वेग बदलण्याची क्षमता आणि धोकादायक वाटेल इतका चांगला लांबचा शॉट. हातांची लांबी आणि पायांची ताकद यांनी उंचीची काही उणीव भरून निघते. इलिनॉयमधल्या रॉकफर्डचा फ्रेड व्हॅनव्हलीट जेमतेम सहा फुटांचा. विचिटा स्टेटमध्ये तो चार वर्षे खेळला, २०१६ च्या एनबीए निवडीत त्याला कोणीच घेतले नाही आणि २०१९ मध्ये तो टोरंटोच्या विजेत्या संघात होता.

८. विद्यापीठाचे प्रशिक्षक मुलाशी थेट केव्हापासून बोलू शकतात?

हायस्कूलचे दुसरे वर्ष, म्हणजे दहावी, संपल्यानंतरच्या १५ जूनपासून प्रशिक्षकांना फोन, संदेश आणि भरतीविषयक पत्रे पाठवता येतात. विद्यापीठाच्या खर्चाने होणारी अधिकृत भेट त्यानंतरच्या १ ऑगस्टपासून शक्य होते. त्याआधी उत्तर आले नाही म्हणून हिरमुसू नये. अनेकदा नियमच आड येत असतो. मुलाने स्वतः लिहिण्याला मात्र कधीच बंदी नाही. पत्र मुलानेच लिहावे, पालकांनी नव्हे. ज्याला मैदानावर चार जणांना सूचना द्यायच्या आहेत, त्याने स्वतःची ओळख स्वतः करून द्यावी, अशी प्रशिक्षकांची साहजिक अपेक्षा असते.

९. तोंडी ऑफर मिळाली आणि मुलाने होकारही दिला. आता जागा पक्की समजायची का?

नाही. तोंडी ऑफर आणि तोंडी होकार, दोन्ही कोणालाच बांधील नसतात. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेन्ट नावाचे पत्र असे. ती पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाली आणि आता सहीचे महत्त्व आर्थिक साहाय्याच्या लेखी कराराला आहे. पॉइंट गार्डच्या बाबतीत एक सावधगिरी जास्त लागते. प्रशिक्षक या एका जागेसाठी अनेक मुलांना ऑफर देऊन ठेवतात आणि पहिला होकार आला की बाकीच्या ऑफर आपोआप विरतात. म्हणून सरळ विचारावे : ‘मी आज हो म्हटले, तर तुम्ही ते आज स्वीकाराल का?’ उत्तर घुटमळत आले, तर आपण यादीत खाली आहोत असे समजावे.

१०. शिष्यवृत्ती किती असतात? आणि या पैशांच्या नव्या नियमांत लहान विद्यापीठे टिकतील का?

पुरुषांच्या संघात दीर्घकाळ १३ शिष्यवृत्तींची मर्यादा होती. जून २०२५ मध्ये, खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिल्यानंतर, तिच्यात सामील झालेल्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्तींची मर्यादा जाऊन १५ खेळाडूंची संघमर्यादा आली. त्याचबरोबर विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षाची कमाल रक्कम एका विद्यापीठाच्या सर्व खेळांसाठी मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. नाव, प्रतिमा आणि ओळख यांवर कमाई करण्याची मुभा तर १ जुलै २०२१ पासूनच आहे.

बहुतेक मिड-मेजर त्या कमाल रकमेच्या जवळपासही जाऊ शकत नाहीत. मात्र ज्यांच्याकडे मोठा फुटबॉल संघ नाही, त्यांना उपलब्ध पैशाचा मोठा वाटा बास्केटबॉलकडे वळवता येतो आणि पॉइंट गार्डला त्यात अग्रक्रम मिळतो. तरीही निव्वळ रकमेच्या चढाओढीत लहान विद्यापीठ हरणारच. त्याने द्यायचे ते वेगळे आहे. ते प्रश्न १२ आणि १४ मध्ये सांगितले आहे.

११. अभ्यासाच्या अटी किती कडक असतात?

एनसीएएसाठी हायस्कूलमध्ये १६ मान्य मुख्य विषय पूर्ण करावे लागतात आणि त्यांत किमान २.३ श्रेणीसरासरी लागते. त्यांपैकी १० विषय शेवटच्या वर्षापूर्वी व्हायला हवेत आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित व विज्ञान यांतले असावे लागतात. एसएटी किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षांची अट जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकली गेली. ही झाली किमान पातळी. डेव्हिडसनसारख्या महाविद्यालयाचा प्रवेश याहून कितीतरी अवघड असतो. आयव्ही लीगमध्ये क्रीडा शिष्यवृत्ती मुळीच नसते, कुटुंबाच्या गरजेनुसार आर्थिक मदत मिळते. त्यामुळे प्रिन्स्टन किंवा येलच्या प्रशिक्षकाने ‘ऑफर’ म्हटले, तर त्याचा अर्थ प्रवेशाच्या प्रक्रियेत पाठिंबा एवढाच घ्यावा.

१२. पहिल्याच वर्षी खेळायला मिळेल, असे आश्वासन मागावे का?

मिनिटांचे आश्वासन मागू नये आणि कोणी दिले तर त्यावर विसंबू नये. त्याऐवजी दोन गोष्टी विचाराव्यात : सध्याचा पॉइंट गार्ड कोणत्या वर्षाला आहे, आणि गेल्या हंगामात दडपणाच्या क्षणी चेंडू कोणाच्या हातात होता. प्रशिक्षक प्रत्येक ताब्यात बाकावरून हातवारे करून डाव सांगत असेल, तर तिथे पॉइंट गार्ड वाढत नाही. मिड-मेजरने तरुण मुलाला देण्याजोगी सर्वांत मौल्यवान गोष्ट म्हणजे चुका करण्याची मोकळीक, आणि ती मोठ्या विद्यापीठात फार कमी मुलांना मिळते.

वाट पाहण्यातही काही गैर नाही. व्हॅनव्हलीट २०१३ मध्ये विचिटा स्टेटच्या अंतिम चार संघांपर्यंतच्या वाटचालीत राखीव गार्ड होता; पुढच्या हंगामात तो मुख्य गार्ड झाला आणि संघाने पहिले सलग ३५ सामने जिंकले. ओकलंडचा डेमियन लिलार्ड युटातल्या वेबर स्टेटमध्ये चार वर्षे राहिला. त्यांतले तिसरे वर्ष पायाच्या दुखापतीने गेले आणि त्याला ते वैद्यकीय रेडशर्ट (न खेळलेले वर्ष पात्रतेतून वजा न करण्याची सवलत) म्हणून परत मिळाले. २०१२ च्या निवडीत तो सहावा होता.

१३. मुलगा खरे तर गुण मिळवणारा गार्ड आहे. त्याला महाविद्यालयात पॉइंट गार्ड बनवता येते का?

येते, पण एकदम नव्हे. करी पहिली दोन वर्षे मुख्यतः चेंडूशिवाय धावणारा गार्ड होता, कारण संघ जेसन रिचर्ड्स चालवत होता आणि २००७–०८ मध्ये असिस्टच्या सरासरीत रिचर्ड्स देशात पहिला होता. तो पदवीधर झाल्यावर २००८–०९ मध्ये करीने पॉइंट गार्डची जबाबदारी घेतली आणि त्याच हंगामात गुणांच्या सरासरीत तो देशात अव्वल ठरला. एका अनुभवी सूत्रधाराच्या शेजारी उभे राहून शिकण्याची सोय असेल, तर हा बदल सुखाने होतो. उलटा बदल, म्हणजे चांगल्या पॉइंट गार्डला संघाच्या सोयीसाठी कोपऱ्यात उभे करणे, हा मात्र मला अपव्यय वाटतो.

१४. ट्रान्सफर पोर्टलमधून तयार गार्ड मिळत असताना कोणी हायस्कूलचा मुलगा घेतो कशाला?

सध्या सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि त्यामागची चिंता रास्त आहे. विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणारे हे पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले. २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदलल्यास वर्षभर बाहेर बसावे लागेनासे झाले आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्याला कितीही वेळा बदलण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या वसंतात पुरुषांच्या पहिल्या विभागातून दोन हजारांहून अधिक खेळाडू पोर्टलमध्ये उतरले. बावीस-तेवीस वर्षांचा, शंभर सामने खेळलेला गार्ड मिळत असताना अठरा वर्षांच्या मुलाला कोण थांबवून ठेवणार, असे प्रशिक्षक उघडपणे म्हणू लागले आहेत.

तरीही पॉइंट गार्डपुरते तरी हायस्कूलकडे पाठ फिरवणे मिड-मेजरला परवडणारे नाही, असे माझे ठाम मत आहे. पोर्टलमध्ये उत्तम गार्डची किंमत सर्वांना माहीत असते, त्यामुळे तिथे पुन्हा पैशाचीच लढत होते आणि तीत लहान विद्यापीठ मागे पडते. हायस्कूलमधल्या मुलाची खरी किंमत अजून ठरलेली नसते. ती आधी ओळखणे एवढाच त्याचा फायदा आहे. दुसरे असे की, संघाची आक्रमणपद्धती अंगवळणी पडायला पॉइंट गार्डला इतर सर्वांपेक्षा जास्त वेळ लागतो. दरवर्षी नवा सूत्रधार आणणाऱ्या संघाचा नोव्हेंबर आणि डिसेंबर सूर सापडण्यातच जातो.

शहाणपणाची पद्धत अशी दिसते की, एक अनुभवी गार्ड पोर्टलमधून आणावा आणि त्याच्या हाताखाली एक हायस्कूलचा मुलगा ठेवावा. मरी स्टेटमध्ये आयझाया कॅनन, मग कॅमरन पेन, मग टुलेनहून आलेला जोनाथन स्टार्क आणि त्याच्यासोबत एक वर्ष खेळलेला मोरँट, अशी मालिकाच चालली होती. कॅनन मिसिसिपीच्या बिलॉक्सीचा, पेन मेम्फिस भागातला. ‘आमच्याकडे या जागेवर खेळलेले मुलगे एनबीएत गेले’ हे वाक्य एखाद्या लहान विद्यापीठाला खरेपणाने म्हणता आले, तर त्याहून प्रभावी भरतीपत्रक नाही.

१५. घडवलेला खेळाडू दोन वर्षांत मोठ्या विद्यापीठात निघून गेला, तर सारे व्यर्थच नाही का?

वेदना होते आणि ती लपवण्याचे कारण नाही. २०२५ चे विजेतेपद जिंकणाऱ्या फ्लोरिडाच्या गार्डांकडे पाहावे : अंतिम चार संघांच्या फेरीतला सर्वोत्तम खेळाडू वॉल्टर क्लेटन धाकटा हा आयोनाहून, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून आणि विल रिचर्ड बेलमॉन्टहून आला होता. तिघांनाही आधी ओळखले ते मिड-मेजरने.

पण सगळेच जात नाहीत. लिथुआनियाचा ऑगस्टस मार्चुलियोनिस कॅलिफोर्नियातल्या सेंट मेरीजमध्ये चार वर्षे राहिला आणि २०२४ व २०२५ अशा लागोपाठ दोन वर्षी वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जाणाऱ्या मुलाला कृतघ्न ठरवणे मला अन्यायाचे वाटते. त्याची कमाईची वर्षे मोजकी असतात आणि प्रशिक्षक स्वतःही अधिक पगारासाठी जातच असतात (पाहा प्रश्न १६). प्रशिक्षकाने दर हंगामात ‘हा गेला तर पुढचा कोण’ याचे उत्तर तयार ठेवावे, आणि पालकांनीही ही शक्यता भरतीच्या वेळीच मोकळेपणाने बोलून घ्यावी.

१६. ज्या प्रशिक्षकासाठी विद्यापीठ निवडले तोच निघून गेला तर?

यशस्वी मिड-मेजरमध्ये हे घडण्याची शक्यता मोठी असते. मरी स्टेटचे स्टीव्ह प्रोम २०१५ मध्ये आयोवा स्टेटला गेले, तेव्हा सहायक मॅट मॅकमॅन यांना बढती मिळाली आणि भरतीचा धागा तुटला नाही; मोरँटला त्यांच्याच हाताखाली घडता आले. २०२२ मध्ये मॅकमॅन लुइझियाना स्टेटला (एलएसयू) गेले, तेव्हा पॉइंट गार्ड जस्टिस हिलसह काही खेळाडू त्यांच्यामागून गेले. म्हणून मुख्य प्रशिक्षकाइतकेच त्या सहायकाकडे लक्ष द्यावे जो गार्डांना रोज शिकवतो. सही करण्यापूर्वी प्रशिक्षक बदलला, तर नव्या प्रशिक्षकाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याच्या आक्रमणपद्धतीत तुमच्या मुलासाठी जागाच नसू शकते.

१७. मिड-मेजर परदेशातून पॉइंट गार्ड आणतात का?

आणतात. सेंट मेरीजचे रँडी बेनेट यांनी ऑस्ट्रेलियातून जी वाट पाडली तिचे उदाहरण नेहमी दिले जाते : कॅनबेराचा पॅटी मिल्स आणि त्यानंतर व्हिक्टोरियातल्या मेरीबरोचा मॅथ्यू डेलावेडोव्हा. दोघेही पुढे एनबीए विजेत्या संघांत होते. एका मुलाचा अनुभव चांगला गेला की, त्याच्या देशातले प्रशिक्षक पुढच्या मुलाला त्याच दारापाशी आणतात. मोरागा या छोट्या गावातल्या सेंट मेरीजला हीच ओळख जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडली.

अडचण व्हिसाची आहे. एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्याला अमेरिकेत काम करून कमाई करण्यावर कडक मर्यादा आहेत, त्यामुळे प्रश्न १० मधले पैशांचे नियम परदेशी खेळाडूला जसेच्या तसे लागू होत नाहीत. एखाद्या एजंटाच्या शब्दावर न जाता विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून आणि स्थलांतर कायद्याच्या वकिलाकडून लेखी सल्ला घ्यावा. चूक झाली तर धोक्यात येतो तो व्हिसाच.

१८. महाराष्ट्रातून खेळणाऱ्या मुलाला ही वाट खुली आहे का?

नियमाने खुली आहे. व्यवहारात ती अरुंद आहे. ग्रेटर नोएडातल्या एनबीए अकादमीत घडलेला अमान संधू २०२२ मध्ये न्यू जर्सीतल्या मनमाउथ विद्यापीठात गेला. पण तो सात फुटी सेंटर, आणि उंची जगात कुठेही नजरेत भरते. पॉइंट गार्डचे कौशल्य मात्र समोरच्या प्रतिस्पर्ध्याच्या दर्जावरून तोलले जाते. पुण्यात किंवा नागपुरात आंतरशालेय सामन्यांत केलेले तीस गुण अमेरिकी प्रशिक्षकाला फारसे काही सांगत नाहीत. राष्ट्रीय युवा शिबिरे, आशियाई वयोगट स्पर्धा किंवा अमेरिकेतल्या एखाद्या प्रेप स्कूलमधली (महाविद्यालयाची पूर्वतयारी करून घेणाऱ्या खासगी शाळेतली) एक-दोन वर्षे, अशा ठिकाणी खेळल्यावरच तुलना शक्य होते. प्रेप स्कूलचा खर्च मोठा असतो आणि शिष्यवृत्तीची खात्री तिथेही नसते, हे कर्ज काढण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

कागदपत्रांची तयारी नववीपासूनच करावी, कारण एनसीएएचे पात्रता केंद्र नववीपासूनच्या सर्व गुणपत्रिका तपासते. बारावीनंतर ‘एक वर्ष फक्त सराव’ म्हणून घालवण्याचा मोह टाळावा. शाळा संपल्यावर प्रवेशाला उशीर झाल्यास पात्रतेचा काळ कमी होऊ शकतो.

१९. महिलांच्या संघांसाठीही हेच सगळे लागू होते का?

खेळाडू पाहण्याची दृष्टी तीच आहे. संपर्काच्या तारखा आणि भरतीची दिनदर्शिका वेगळी आहे, म्हणून प्रश्न ४ आणि ८ मधल्या तारखा मुलींसाठी गृहीत धरू नयेत. उदाहरण मात्र मी महिलांमधलेच आधी देईन. वॉशिंग्टन राज्यातल्या केंटची कोर्टनी व्हँडरस्लूट त्याच राज्यातल्या गोन्झागात गेली आणि २०११ मध्ये बाहेर पडताना, कारकिर्दीत २,००० गुण आणि १,००० असिस्ट करणारी पहिल्या विभागातली पहिली खेळाडू ठरली. तोवर पुरुषांतही हे कोणाला जमले नव्हते. त्याच वर्षी डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या निवडीत ती तिसरी होती.